तीन मजली पिशवी

चौतीस वर्षं चौथीच्या वर्गाला शिकवून पाक हरदोयो निवृत्त झाले आणि पाचव्या दिवशी त्यांनी मोटारसायकल घेतली. चांगली दणकट, लांबच्या प्रवासाची, पुढे उंच काच असलेली. गल्लीतल्या लोकांनी तोंडावर कौतुक केलं आणि घरी जाऊन आपापल्या बायकांना सांगितलं की पेन्शन हातात आली की माणसाचं असं होतं. पाक हरदोयोंना दोन्ही गोष्टी ऐकू आल्या, कारण जावा बेटावरच्या सालातिगा गावातल्या त्या गल्लीतल्या भिंती फारच पातळ होत्या. तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला 'पाक' म्हणतात, बाईला 'बू' आणि तरुणाला 'मास'.

मोटारसायकल घेणं सोपं गेलं. घाम फोडला तो तिच्यावर ठेवायच्या पिशवीने.

त्याचं असं होतं की दरवर्षी पाक हरदोयो फळ्यावर जावा बेटाचा नकाशा काढत. खडू पश्चिमेकडून निघे, डोंगर ओलांडत, नद्या उतरत जाई आणि पूर्वेच्या टोकाला, बान्युवांगीला, येऊन थांबे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी बायकोला सांगितलं होतं, "मुर्नी, मी रिटायर झालो ना, की तुला या टोकापर्यंत नेईन. मोटारसायकलवरून. पलीकडे समुद्रापार बाली दिसतं." मुर्नी तेव्हा मिरच्या चिरत होती. ती म्हणाली होती, "बघू."

गाडी दारात आली त्या दिवशी त्यांनी विचारलं, "मग, बू? येशील ना?"

"मला कुठे नेता आता? गुडघा बघा माझा," मुर्नी म्हणाली.

आठवड्याने जेवताना त्यांनी पुन्हा विषय काढला. "मग काय ठरवलंस?"

"तुम्ही जाऊन या. मी फोटो बघेन."

झालं. पाक हरदोयोंनी खाली मान घालून ताटातला भात संपवला आणि पुढे तो विषय काढला नाही. मास्तर माणूस. उत्तर चुकलं तरी मुलाला तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून रडवू नये, हे त्यांचं जन्मभराचं धोरण होतं. पण मनातून त्यांनी एक गोष्ट पक्की केली. मागची सीट मोकळी ठेवायची. समजा, ऐन निघायच्या वेळी हिचं मन बदललं आणि मागे सामान बांधलेलं असलं, तर ही बसणार कुठे? तेव्हा सामान मागे नाही. सामान पुढे, पेट्रोलच्या टाकीवर. आणि हे कारण कोणालाही सांगायचं नाही. मुर्नीला तर मुळीच नाही.

बाजारपेठेत मास तोपान नावाच्या तरुणाचं मोटारसायकलच्या सामानाचं दुकान होतं. पाक हरदोयो तिथे गेले, नीट वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "टाकीवर बसणारी बॅग दाखवा."

"टाकीवरची कशाला, पाक? मागे पेटी लावून देतो. दोन हेल्मेटं मावतात."

"मागे नको."

"बरं, मग बाजूला दोन लटकवू."

"बाजूला पाय येतात."

"तुमचे पाय तर पुढे असतात की."

"सर्वसाधारणपणे म्हणतोय मी," पाक हरदोयो म्हणाले आणि उगाचच हातमोजे बघू लागले.

तोपानने अखेर एक सुबक काळी बॅग काढली. खाली चार लोहचुंबक, वर नकाशा ठेवायला पारदर्शक कप्पा. नकाशाचा कप्पा पाहताच मास्तरांचं अर्धं मन विरघळलं. उरलेलं अर्धं तोपानने विरघळवलं. त्याने बॅग दुकानाच्या लोखंडी शटरवर फटकन चिकटवली आणि म्हणाला, "ओढा आता." पाक हरदोयोंनी ओढली. मग दोघांनी मिळून ओढली. शटर अर्धं खाली आलं, बॅग जागची हलली नाही. पाक हरदोयो अगदी तृप्त होऊन घरी आले.

घरी आल्यावर बॅग त्यांनी टाकीवर ठेवली. ती हळूच डावीकडे सरकली आणि तांदळाची पोतडी घसरावी तशी खाली पडली. पुन्हा ठेवली. या वेळी उजवीकडून पडली. त्यांनी टाकीवर बोटाने टकटक केलं. टक् टक्. लोखंडाचा आवाज असा येत नाही. नव्या गाड्यांच्या टाकीवर शोभेचं प्लास्टिकचं कवच असतं, तसं याही टाकीवर होतं.

आता खरं दुःख ऐका. 'लोहचुंबक प्लास्टिकला चिकटत नाही' हा धडा चौथीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. टाचणी, खिळा, पट्टी, खोडरबर, सगळं टेबलावर मांडून हा धडा पाक हरदोयोंनी चौतीस वेळा शिकवला होता. चौतीस! आणि त्यात ज्यांनी 'पट्टी चिकटेल' असं लिहिलं, त्या पोरांचे गुण कापले होते.

एवढं झाल्यावर दुकानात जाऊन काय सांगणार? बॅग परत करणं शक्यच नव्हतं. ती स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर चिकटली ती तिथेच राहिली. दोन दिवसांत मुर्नीने तिच्या कप्प्यात गॅसची पावती ठेवली, बाजूला दोन कालथे आणि किसणी लावली.

"घरात एवढी उपयोगाची वस्तू तुम्ही पहिल्यांदाच आणलीत," ती म्हणाली.

पाक हरदोयोंनी दुसरी बॅग परदेशातून मागवली. ही पट्ट्यांनी बांधायची होती, चुंबकाचा संबंध नाही. आणि हिच्यात एक मोठीच गंमत होती. बॅगेला गोल फिरणाऱ्या दोन चेनी होत्या. बंद असताना बॅग पोळपाटाएवढी बसकी. पहिली चेन उघडली की एक मजला चढे. दुसरी उघडली की आणखी एक. गरजेपुरतं वाढवावं, गरज संपली की मिटवावं. असा संयम माणसाला साधत नाही, तो बॅगेला साधला आहे, असं जाहिरात वाचून त्यांना वाटलं.

महिन्याभराने पार्सलच्या कचेरीतून चिठ्ठी आली. खिडकीमागे चष्मेवाले एक गृहस्थ बसले होते.

"ही वस्तू प्रवासी सामान आहे की वाहनाचा भाग?" त्यांनी विचारलं.

"बॅग आहे."

"बॅग म्हणजे सामान. पण इथे लिहिलंय, मोटारसायकलच्या टाकीवर बसवण्यासाठी."

"हो. टाकीवर बांधतात."

"बांधतात म्हणजे वाहनाचा भाग झाला."

"पण सोडताही येते. पेट्रोल भरताना सोडावीच लागते, नाहीतर झाकण कसं उघडणार?"

गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे रस्त्याने भाग आणि पंपावर सामान?"

पाक हरदोयोंना हे उत्तर मनापासून आवडलं. वर्गात असते तर त्यांनी या मुलाला पुढच्या बाकावर बसवलं असतं. पण कचेरीत अशा वस्तूसाठी रकाना नव्हता. बराच खल होऊन ठरलं की वस्तू 'प्रवासी सामान' धरायची, पण त्यासाठी अर्जदार खरोखर प्रवासाला जाणार आहे असं गल्लीप्रमुखांचं पत्र हवं.

गल्लीप्रमुख होते पाक सुबाग्यो. शिक्का त्यांच्याकडे होता आणि तो वापरायची हौसही. पत्र लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "चहा घेणार ना?"

"नको, नको. उगाच त्रास."

"अहो, घ्या थोडा."

"नको खरंच," पाक हरदोयो हसून म्हणाले आणि तिसऱ्या विचारण्याची वाट बघत बसले. त्या गल्लीत चहा असाच घेतात. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारलं की हसून नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी कप घ्यायचा. चौथीच्या मुलांनाही हे येतं. पाक हरदोयोंनीच शिकवलेलं असतं. पण पाक सुबाग्यो शिक्क्याच्या नादात होते. त्यांनी दोनदा विचारलं, मान डोलावली आणि आतून आलेला चहा स्वतःच पिऊन टाकला.

घरी येताच पाक हरदोयो बायकोसमोर फुटले. "दोनदाच विचारलं! दोनदा! वाफा निघत होत्या कपातून. दोनदा विचारून थांबतं का कोणी? काय ही रीत?"

मुर्नी शिवणयंत्रावर उशीचा अभ्रा शिवत होती. "थांबतात काही लोक," ती म्हणाली. आणि यंत्र जोरात चालवू लागली.

पत्रामुळे बॅग सुटली, पण पत्रामुळेच पुढचा सगळा घोटाळा झाला. शिक्का मारलेल्या प्रत्येक पत्राची नोंद पाक सुबाग्यो महिन्याच्या बैठकीत वाचून दाखवत. त्या महिन्यात एकच पत्र होतं. "सदर नागरिक पूर्वेस बान्युवांगीपर्यंत मोटारसायकलने प्रवासास जात आहेत," त्यांनी घसा खाकरून वाचलं. गल्लीला बातमी कळली, आणि तीही शिक्क्यासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बू लास्मिनी आल्या. हातात पुडकं.

"जाताच आहात तर," त्या म्हणाल्या, "माझी बहीण वाटेत जेम्बरला असते. तिला एवढी आपली शेंगदाण्याची चिक्की द्याल? हलकीच आहे."

आता त्या गल्लीत 'नाही' हा शब्द कोणी कोणाला म्हणत नाही. चहाला म्हणतात तेवढाच. पाक हरदोयोंनी पुडकं घेतलं. चिक्की हलकी होती हे खरं, पण सोबत बहिणीच्या तीन मुलांना स्वेटर होते. बॅगेची पहिली चेन उघडली.

मग समोरचे आले. "जाताच आहात तर येताना खारे मासे आणा. ताजे असतील तर दोन किलो." मग पाक सुबाग्यो स्वतः आले. गल्लीच्या वतीने त्यांना तिकडच्या डोंगरातली कॉफी हवी होती, आणि तिकडच्या गल्लीप्रमुखांना द्यायला स्वतःचा फ्रेम केलेला फोटो पाठवायचा होता. "ओळख वाढते," ते म्हणाले. दुसरी चेन उघडली.

पाक हरदोयोंनी वहीत आकृत्या काढल्या, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची केली. उत्तर दर वेळी एकच आलं. त्यांच्या स्वतःच्या रेनकोटाला जागा नव्हती.

एका सकाळी त्यांनी तीन मजली बॅग टाकीवर बांधली आणि चाचणी म्हणून गल्लीत गाडी काढली. समोरून बघणाऱ्याला बॅगेच्या वर फक्त हेल्मेट दिसत होतं. वेगाचा काटा झाकला गेला होता, पण त्याची गरज नव्हती, कारण गाडी गोगलगाईच्या वेगाने चालली होती. गल्लीच्या टोकाला डावं वळण आलं. त्यांनी हँडल पूर्ण डावीकडे फिरवलं, त्याबरोबर हँडलची डावी मूठ आत येऊन बॅगेत रुतली आणि हॉर्न वाजायला लागला.

लांबलचक, एकसुरी. वळण संपेपर्यंत थांबेना. ते वळण नेमकं पाक सुबाग्योंच्या दारात होतं. पाक सुबाग्यो टॉवेल गुंडाळून बाहेर आले. "काय झालं? मला बोलावलंत?"

"नाही, नाही, वळतोय फक्त!"

पुढे उजवं वळण होतं. हँडल उजवीकडे फिरलं, उजवी मूठ बॅगेत रुतली आणि तिथलं इंजिन बंद करायचं बटण दाबलं गेलं. गाडी सूपवाल्याच्या गाड्यासमोर येऊन निमूटपणे मेली. चालू केली, वळवली, मेली. सूपवाल्याने तिसऱ्या खेपेला न विचारताच एक वाटी भरून पुढे केली. थोडक्यात, डावीकडे जायचं तर साऱ्या गावाला कळवून जायचं, आणि उजवीकडे जायचंच नाही. पाक हरदोयोंनी मनातल्या मनात नकाशा उघडला. नुसत्या डाव्या वळणांनी बान्युवांगीला पोचता येत नाही, एवढा भूगोल त्यांना पक्का येत होता.

तरी निघायच्या आदल्या दुपारी घरात प्रार्थना आणि जेवण ठरलंच होतं. एवढ्या लांब जाणाऱ्याला गल्ली तसंच पाठवत नाही. मुर्नीने पहाटे उठून पिवळ्या भाताचा उंच शंकू रचला, भोवती अंडी, भाज्या, कोंबडी मांडली. पुरुष चटईवर बसले. मध्ये भात आणि भाताशेजारी, जणू दुसरा नैवेद्य, ती बॅग. प्रार्थना झाल्यावर पाक सुबाग्यो बोलायला उभे राहिले.

"आपल्या बॅगेची अडचण मला कळली," ते म्हणाले. "हॉर्न तर सगळ्यांनाच कळला." लोक हसले. "मी विचार केला. उपाय अगदी सोपा आहे. गाडीची मागची सीट रिकामीच आहे. माझ्याकडे टीव्हीचं मजबूत खोकं आहे. ते तिथे बांधू, सगळं सामान त्यात घालू. रिकामी सीट नेऊन काय करायचंय?"

"वा!" सगळे म्हणाले.

"मासे चार किलो मावतील मग," समोरचे म्हणाले. दोघे जण खोकं आणायला उठलेसुद्धा.

"रिकामी नाही ती!"

आवाज कोणाचा हे आधी कोणाला कळलंच नाही, कारण पाक हरदोयोंचा आवाज चढलेला गल्लीने कधी ऐकला नव्हता. ते स्वतःही दचकले. मग खाली बघत, चटईची काडी उपटत म्हणाले, "मागची सीट रिकामी नाही. तिथे बसणारं माणूस येत नाही म्हणतं, हा भाग वेगळा. पण जागा त्याची आहे. तिथे मासे बसणार नाहीत."

खोकं आणायला उठलेले दोघे हळूच खाली बसले. स्वयंपाकघराच्या दारात मुर्नी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती वळून आत गेली.

पाक हरदोयो तिच्यामागून आत गेले. ती फ्रिजसमोर पाठमोरी उभी होती, काळ्या बॅगेवरचे कालथे उगाच सरळ करत.

"चिडलीस?"

"नाही."

"लोकांसमोर बोलायला नको होतं मी."

"त्याचं नाही." ती वळली. डोळे ओले, पण आवाज शिवणयंत्रासारखा खडखडीत. "पाक, गाडी आली त्या दिवशी तुम्ही विचारलंत. एक. मग जेवताना विचारलंत. दोन. आणि मग तुम्ही पिशव्या आणायला लागलात!"

पाक हरदोयो उभ्या जागी थिजले. पाक सुबाग्योंच्या ओसरीतला तो चहा, कपातल्या त्या वाफा, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

"दोन महिने," मुर्नी म्हणाली, "दोन महिने मी तिसऱ्यांदा विचारायची वाट बघतेय. अख्ख्या गावातल्या पोरांना शिकवता आणि घरी दोनदा विचारून थांबता! मला वाटलं, मनातून तुम्हालाच मी नको असेन. म्हातारी, गुडघेदुखी, वाटेत दर तासाला थांबायला लावणारी."

"अगं, मला वाटलं, सारखं विचारून तुला अवघडायला नको." बाहेर वीस माणसं भाताकडे बघत गप्प बसली होती, आणि भिंती तर पातळच होत्या. पाक हरदोयोंनी सदरा नीट केला, मुलांपुढे उभे राहताना करत तसा, आणि म्हणाले, "मुर्नी, माझ्याबरोबर बान्युवांगीला येतेस?"

मुर्नीने दोन्ही हात पुढे केले, कप घेताना करतात तसे.

"येते," ती म्हणाली.

बाहेर कोणीतरी जोरात नाक शिंकरलं. बहुधा पाक सुबाग्यो.

उरला प्रश्न सामानाचा. पाहुणे जेवून गेल्यावर मुर्नीने बॅग मांडीवर घेतली, आतलं सगळं बाहेर काढलं, दोन्ही चेनी बंद केल्या आणि गादीच्या जाड दोऱ्याने त्या टाका घालून शिवून टाकल्या. बॅग पुन्हा पोळपाटाएवढी झाली. आत दोन रेनकोट, गुडघ्याचं मलम, थर्मास आणि नकाशा मावला. तिने वरून थोपटून बघितलं.

"पण लोकांना काय सांगायचं?" पाक हरदोयोंनी काळजीने विचारलं. "नाही कसं म्हणणार?"

"तुम्ही कशाला म्हणताय? बॅगेला म्हणू दे. लोकांना एवढंच सांगा, 'या, बघा, शिवलेली आहे.'"

आणि खरंच, संध्याकाळी लोक एकेक करून आले, शिवलेल्या चेनीवरून बोट फिरवलं आणि आपापली पुडकी उचलून नेली. कोणाला वाईट वाटलं नाही. पाक सुबाग्योंनी फोटो परत नेताना तो एकदा बॅगेशेजारी धरून पाहिला, आणि सुस्कारा टाकला. बू लास्मिनींनी मात्र चिक्कीची एक वडी मागे ठेवली. "बहिणीला नको," त्या म्हणाल्या. "वाटेत हिला द्या. मागे बसून झोप येते."

सकाळी गल्ली दोन्ही बाजूंना उभी होती. मुर्नी गुडघ्याला पट्टा बांधून मागे बसली, एकदा इकडे, एकदा तिकडे सरकली आणि मग जागा सापडल्यासारखी स्थिर झाली. गाडी हलली. पाक सुबाग्योंच्या दाराशी डावं वळण आलं. पाक हरदोयोंनी हँडल पूर्ण फिरवलं. मूठ बॅगेच्या वरून अलगद निघून गेली. हॉर्न वाजला नाही. पाक हरदोयोंचा ऊर भरून आला.

कमरेवर मुर्नीचा हात होता. त्या हाताने त्यांना हळूच चिमटा काढला.

"अहो, वाजवा ना," ती कानाशी म्हणाली. "सगळे वाट बघत उभेत."

पाक हरदोयोंनी हॉर्न दाबला आणि मोठा रस्ता येईपर्यंत सोडला नाही.